पोटाचा बँड: दोन वर्षांपुरता की जन्माचा?

माझ्या थोरल्या वहिनींनी वजन उतरवायला २०११ साली पुण्याला जाऊन पोटात, जठराला आवळणारा बँड बसवून घेतला. तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, दोन वर्षं राहू दे, वजन उतरलं की काढून टाकू. दातांना तार लावतात, मोडल्या हाताला प्लास्टर घालतात, तसंच काहीतरी असेल असं आम्हाला वाटलं. डॉक्टरांनी "हा कधीही काढता येतो" असं सांगितलं होतं आणि आम्ही ते "हा काढायचाच असतो" असं ऐकलं. या दोन वाक्यांतला फरक कळायला आम्हाला दहा वर्षं आणि पुण्याच्या कितीतरी फेऱ्या लागल्या.

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, सगळीकडून ओळखीचे लोक अजून हाच प्रश्न घेऊन येतात. काहींना बँड बसवायचाय, काहींच्या पोटात तो बारा-चौदा वर्षं पडून आहे आणि त्याचं करायचं काय ते कळत नाही. मी डॉक्टर नाही. पण वहिनींबरोबर ओपीडीच्या बाकड्यावर इतका वेळ बसलोय की कुठला प्रश्न आधी विचारायचा आणि कुठला मागाहून, हे पाठ झालंय. त्याच क्रमाने पुढं लिहितो. शेवटचा निर्णय तुमच्या सर्जनबरोबरच घ्या, पण त्याच्यासमोर रिकाम्या हाताने बसू नका.

पहिली पायरी: पोटात नेमकं काय आहे ते ओळखा

आपल्याकडे बोलताना बँड, रिंग, पट्टा, फुगा, "पोट कापलं" हे सगळं एकाच पिशवीत जातं. गेल्या वर्षी एका लग्नात एक मामी मला म्हणाल्या, "माझ्या जावेचा बँड सहा महिन्यांत काढला की, काही झालं नाही तिला." डिस्चार्ज कार्ड बघितलं तर तो बँड नव्हताच, फुगा होता.

फुगा ही खरोखर तात्पुरती गोष्ट. तोंडावाटे जठरात सोडतात, पाण्याने भरतात आणि ठरलेल्या मुदतीत तो बाहेर येतो. काही फुगे सहा महिन्यांचे असतात, काही वर्षभराचे. गिळायच्या कॅप्सूलमधून जाणारा एक प्रकार चारेक महिन्यांनी आपोआप फुटून शौचावाटे निघून जातो. मुदतीपलीकडे फुगा ठेवायचा नसतो.

बँडचं तसं नाही. तो सिलिकॉनचा पट्टा असतो, दुर्बिणीतून ऑपरेशन करून जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या अगदी खाली, बसवतात. पट्ट्याच्या वर चहाच्या छोट्या कपापेक्षाही लहान, १५ ते ३० मिलीची पिशवी तयार होते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगणारी गादी असते. तिची नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. कुणी त्याला रिंग म्हणतं, पण बोटातल्या अंगठीसारखं चढवलं-उतरवलं असं इथं चालत नाही.

स्लीव्ह आणि बायपास ही वजन उतरवायची दुसरी ऑपरेशनं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर काढतात. तो परत येत नाही. बायपासमध्ये छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात.

तेव्हा कार्ड शोधा. नसेल तर जिथं ऑपरेशन झालं तिथून ऑपरेशन नोट मागवा. त्यात बँडची कंपनी, प्रकार, किती मिलीचा आणि पोर्ट कुठल्या बाजूला हे सगळं असतं. हा कागद हातात येईपर्यंत "ठेवू की काढू" या चर्चेला बसूच नका.

दुसरी पायरी: "काढता येतो" म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

बनवणाऱ्यांनी बँड बनवला तो पोटात कायम राहावा म्हणून. अमेरिकेत त्याला २००१ साली मान्यता मिळाली ती दीर्घकाळ पोटात ठेवायच्या उपकरणाचीच. काढता येणं हा संकटकाळी उघडायचा मागचा दरवाजा आहे. घर बांधताना मागचं दार ठेवतो म्हणून रोज तिथूनच ये-जा करायची असा बेत कुणी करत नाही.

काढणं म्हणजे दुसरं ऑपरेशन, पुन्हा पूर्ण भूल. पहिल्यापेक्षा ते थोडं किचकटच असतं, कारण एव्हाना शरीराने बँडभोवती जाड तंतूंचं वेष्टण तयार केलेलं असतं. यकृताची कड तिथंच चिकटलेली असते. बँड निघाला तरी ते वेष्टण जठराला आवळून राहू शकतं, म्हणून सर्जन बहुतेक वेळा तेही सोडवतात. "जसं होतं तसं पोट परत मिळतं" हे साधारणपणे खरं आहे, पण अगदी तंतोतंत नाही.

आता मुख्य गोष्ट. वजन का परत येतं?

लठ्ठपणा हा दोन वर्षांत बरा होऊन जाणारा ताप नाही. वजन उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी होतं आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. बँड या संप्रेरकांना फारसा हात लावत नाही. तो फक्त दारात उभा राहून गर्दी अडवतो. स्लीव्ह आणि बायपासमध्ये पोटा-आतड्याची संप्रेरकं बदलतात, म्हणून त्यांचा परिणाम निराळा. दारातला माणूस हलवला की गर्दी आत येणारच, आणि नुसता बँड काढलेल्या बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं. वहिनींचा बँड सैल करावा लागला तेव्हा चार महिन्यांत नऊ किलो परत आले. त्या काही हावरट नव्हत्या. भूक परत आली होती, एवढंच.

औषधांचंही हेच आहे. भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांनी उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत मिळवलं. तेव्हा "थोडे दिवस करू, मग सोडू" हा विचार बँडबाबतच चुकतो असं नाही, कुठल्याही उपायाबाबत चुकतो.

तिसरी पायरी: मग कायमचा ठेवला तर टिकतो का?

इथं दुसऱ्या बाजूचंही खरं सांगायला हवं. "कायमचा" म्हणून बसवलेला बँड सगळ्यांच्या पोटात कायम राहतोच असं नाही.

ब्रसेल्सच्या एका गटाने १९९४ ते १९९७ मध्ये बँड बसवलेल्या रुग्णांना बारा वर्षांहून जास्त काळाने पुन्हा तपासलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. सापडलेल्या ८२ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांचा बँड काढावा लागला होता. साठेक टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं. २८ टक्के लोकांच्या जठराची भिंत झिजवून बँड आत शिरला होता. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या २५,०४२ रुग्णांच्या नोंदी २०१७ मध्ये छापल्या गेल्या. त्यात साडेअठरा टक्क्यांना बँडसाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागली, आणि ज्यांना लागली त्यांची सरासरी ३.८ वेळा.

उलट ऑस्ट्रेलियातल्या एका केंद्राने २०१३ मध्ये पंधरा वर्षांची नोंद दिली. तिथं जादा वजनापैकी ४७ टक्के उतरलेलं टिकून होतं आणि बँड कायमचा काढावा लागला तो सहा टक्क्यांहून कमी लोकांचा. दुरुस्तीची ऑपरेशनं मात्र तिथंही भरपूर झाली.

"जादा वजनाच्या ४७ टक्के" म्हणजे किती, ते आकडे मांडून बघा. उंची १५८ सेंटीमीटर, वजन ९४ किलो. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ चं वजन निघतं ६२ किलो, म्हणजे जादा ३२. त्यातले ४७ टक्के म्हणजे १५ किलो. ९४ वरून ७९. गुडघ्यांना आणि साखरेला हे भरपूर आहे. फोटोतल्या अपेक्षेला कदाचित नाही.

ब्रसेल्स आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात एवढा फरक कसा? सर्जनचं तंत्र, बँडची पिढी ही कारणं आहेतच. माझ्या मते मोठं कारण मागची देखभाल. ऑस्ट्रेलियातलं ते केंद्र रुग्णाला सोडत नव्हतं. बँड बसवणं म्हणजे बोअर मारण्यासारखं आहे, खरं काम मोटर चालवायचं, ते पुढं वर्षानुवर्षं चालतं.

जगभरात बँडचं प्रमाण आता अगदी घसरलंय. भारतातही स्लीव्ह सर्वांत जास्त होते, बँड क्वचितच. त्यामुळं तुमच्या गावाजवळ बँड भरून देणारा हात मिळेल का, हा प्रश्न तुमच्या निर्णयात सर्वांत वर यायला हवा.

अजून ऑपरेशन झालं नसेल तर

तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात कागदावर लिहा. हे खुळचट वाटेल, पण उत्तर त्याच वाक्यात असतं.

वाक्य असं असेल: "हर्नियाच्या ऑपरेशनआधी दहा-बारा किलो उतरवायचेत", किंवा "गुडघा बदलायचाय, भूल देणारे डॉक्टर वजन कमी करा म्हणतात". तर गरज तात्पुरती आहे, आणि तात्पुरत्या गरजेला बँड हा चुकीचा उपाय आहे. देखरेखीखालचा कडक आहार, औषधं किंवा फुगा यांचा विचार करा. फुग्याने साधारण दहा-पंधरा टक्के वजन उतरतं, पुढं ते टिकवणं आपल्यावर असतं. जठरावर आधी ऑपरेशन झालेलं असेल किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असेल तर फुगा बसवत नाहीत.

वाक्य असं असेल: "लग्नाआधी पोरगी बारीक व्हायला हवी, लग्न झालं की काढून टाकू". हसू नका, मी हे दोनदा ऐकलंय, एकदा तर पोरीच्या समोर. याला माझं उत्तर सरळ "नको" असं आहे. पोरीला स्वतःला काय हवंय ते विचारलेलं नसतं, आणि लग्नानंतर वर्षभरात वजन परत चढलं की बोलणी तिनंच खायची. शिवाय वजन उतरत असताना दिवस राहू नयेत म्हणून ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. लग्नाची तारीख धरून बँड बसवणारे हे महिने मोजतच नाहीत.

वाक्य असं असेल: "मला मधुमेह आहे, झोपेत श्वास अडतो, पंधरा वर्षं सगळं करून बघितलं". तर तुमची गरज कायमची आहे. आता विचारायचं ते बँड की स्लीव्ह की बायपास, आणि सोबत औषधं का नाहीत. टिर्झेपटाइड हे तसंच दुसरं औषध मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात अधिकृत आलं. २०११ साली वहिनींसमोर हा पर्यायच नव्हता. आज एखादा सर्जन त्याचं नावही न काढता थेट बँडवर आला, तर दुसऱ्याचं मत घ्या.

बीएमआयचं मापही माहीत असू दे. आपल्याकडचे सर्जन बरीच वर्षं ३७.५, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ धरत आले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करायला हरकत नाही असं म्हटलं. विमा कंपनी मात्र वेगळं माप लावते. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयविकार, झोपेतल्या श्वासाचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असा मोठा आजार लागतो. वरचा ९४ किलोचा माणूस ३७.७ वर येतो. सोबत असा मोठा आजार नसेल तर सर्जन त्याला हो म्हणेल आणि विमा नाही म्हणेल. मंजुरी आधी लेखी घ्या, आणि त्याच पत्रात पुढं बँड काढायची वेळ आली तर तो खर्च बसतो का तेही विचारून घ्या.

सरकारी योजनांचंही तेच. कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू केली, त्यावरून झालेली भांडणं आपण सगळ्यांनी वाचली आहेत. भांडण त्यांचं त्यांना करू दे. आपण दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठायचं आणि ही शस्त्रक्रिया पॅकेजच्या यादीत नावानिशी दाखव म्हणायचं. हातात कार्ड आहे म्हणजे सगळं फुकट, असं नसतं.

आता अंतराचा हिशेब. बँड बसवल्यावर साधारण सहा आठवड्यांनी पहिलं भरणं, मग योग्य आवळ सापडेपर्यंत दर चार-सहा आठवड्यांनी. पहिल्या वर्षात पाच-सहा फेऱ्या सहज होतात. बेळगावहून पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला चारेक हजार किलोमीटर. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव किंवा हुबळी. ऊस तोडणीच्या हंगामात तुम्ही जाणार का? पावसाळ्यात? पोराची दहावी असेल तेव्हा? आमच्या वहिनी तिसऱ्या वर्षानंतर बरेच दिवस गेल्याच नाहीत. कुणी जा म्हणालं नाही असं नाही, पण गाडीभाडं, रजा आणि सोबतीला माणूस, तिन्ही एकदम जुळायचे नाहीत. एका दिवसात जाऊन येता येईल अशा जागी बँड भरणारा आणि काढणारा, दोन्ही कामं नियमित करणारा सर्जन नसेल, तर बँड घेऊ नका. बाकी सगळं जुळत असलं तरी.

पोटात बँड असेल तर

ठेवायचा केव्हा? वजन स्थिर आहे, जेवण नीट बसून होतं, आठवड्यातून एखादवेळीही उलटी होत नाही, रात्री आडवं झाल्यावर खोकला किंवा आंबट पाणी येत नाही, आणि वर्षातून एकदा तपासणी होते. असं असेल तर केवळ "बरीच वर्षं झाली" म्हणून चांगला चाललेला बँड काढायची गरज नाही. त्याला तारीख संपण्याची मुदत नसते.

जेवणाबद्दल जरा थांबतो, कारण इथंच लोक फसतात. आवळलेल्या बँडमधून शिळी जोंधळ्याची भाकरी, पाव, चिकट भात, मटणाचे धागे, संत्र्याची साल नीट जात नाहीत. माणूस मग जे सहज जातं त्याकडे वळतो. कुंदा (दुधाची मिठाई) विरघळून जातो, करदंट (गूळ-सुकामेव्याची वडी) चघळत चघळत जातं, उसाचा रस आणि आइस्क्रीम तर सरळ घसरतं. भाकरी बंद आणि कुंदा चालू, असं झालं की बँड जास्तच आवळला गेलाय. अशा वेळी "अजून एक मिली भरा" म्हणणारा रुग्ण आणि भरून देणारा डॉक्टर, दोघंही चुकतात. बँड नीट बसला असेल तर मऊ भाकरी आमटीत न भिजवता, बारीक चावून, वीस मिनिटांत खाता येते आणि चार-पाच तास भूक लागत नाही.

काढायचा केव्हा? बँड घसरला असेल, जठरात शिरला असेल, वरची पिशवी किंवा अन्ननलिका फुगली असेल, पोर्टला वारंवार पू होत असेल, सैल करूनही जळजळ थांबत नसेल, किंवा वर्षानुवर्षं नीट भरूनही वजन हललं नसेल. ही कारणं एक्स-रे, बेरियम गिळून केलेली तपासणी आणि एंडोस्कोपी यांनी पक्की करायची. या तिन्ही तपासण्यांना पुण्याला जायची गरज नाही, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यांत होतात. बँड जठरात शिरला तर बऱ्याचदा दुखत नाही. नुसतं जेवण अचानक सोपं होतं, वजन वाढायला लागतं आणि मग पोर्टपाशी लाली येते. "बँड ढिला पडला वाटतं" म्हणून गप्प बसू नका.

आणि या दोहोंच्या मधले बरेच जण असतात. खूप त्रास नाही, खूप फायदाही नाही. त्यांच्यासाठी माझा एकच सल्ला.

काढण्याआधी रिकामा करून बघा

पोर्टमधलं सगळं पाणी सर्जनकडून काढून घ्या आणि सहा आठवडे तसंच राहा. ऑपरेशन नाही, भूल नाही, ओपीडीतलं पाच मिनिटांचं काम. बँड नसेल तर आपलं काय होईल, याची ही रंगीत तालीम.

वहीत तीन गोष्टी लिहा: रोज भूक किती वाजता लागली, रात्री जळजळ झाली का, आणि दर सोमवारी सकाळी वजन. सहा आठवड्यांनी वही उघडा. जळजळ गेली आणि वजन जागच्या जागी आहे, तर बँड निवांत काढता येईल. जळजळ गेली पण वजन चढलं, तर बँड काढायचा असेल पण पुढचा उपाय हाताशी ठेवूनच. जळजळ गेलीच नाही, तर दोष घसरण्याचा किंवा फुगण्याचा असू शकतो, तपासणी लांबवू नका.

पाणी काढायला साधी इंजेक्शनची सुई चालत नाही. पोर्टच्या सिलिकॉनला भोक पडून गळती लागते. त्यासाठी ह्यूबर नावाची वेगळी सुई असते, किमोथेरपीच्या पोर्टला वापरतात तीच. म्हणून कॅन्सर विभाग असलेल्या दवाखान्यात ती मिळण्याची शक्यता जास्त. हे मला एका नर्सनं सांगितलं, कुठल्याच डॉक्टरनं नाही.

गरोदरपणातही हीच सोय उपयोगी पडते. उलट्या थांबेनात किंवा बाळाची वाढ कमी वाटली तर बँड सैल करता येतो, बाळंतपणानंतर पुन्हा भरता येतो. बँडचा खरा तात्पुरतेपणा हा एवढाच आहे, आणि तो कामाचा आहे.

काढायचं ठरलं, तर पुढचं आधी ठरवा

सर्जनला थेट विचारा: "नुसता काढायचा, की काढून स्लीव्ह किंवा बायपास करायचा?" जळजळ जास्त असेल तर स्लीव्ह बहुधा नको म्हणतात, कारण स्लीव्हने ती वाढू शकते. तेव्हा बायपासकडे कल असतो. दुसरा प्रश्न: "एकाच वेळी, की दोन वेळा?" बँड जठरात शिरला असेल किंवा संसर्ग असेल तर आधी काढून, निदान तीन महिने जठर भरून येऊ देऊन मग दुसरं ऑपरेशन करणं जास्त सुरक्षित मानलं जातं. त्या मधल्या महिन्यांत वजन चढतं. आहारतज्ज्ञ आणि औषधं त्या काळासाठी आधीच ठरवून ठेवा.

तंबाखूचं एक सांगतो, तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीचे लोक रागावले तरी चालेल. विडी, मिश्री, गुटखा जे काही असेल ते ऑपरेशनच्या आधी बंद. तंबाखू आणि जठराच्या जखमा यांचं नातं जुनं आहे. अंगदुखीच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. बँड असताना आणि नंतरही, त्या जठराला टोचतात.

उलट्या होत राहिल्या असतील तर बी-१ हे जीवनसत्त्व सगळ्यांत आधी संपतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, दुहेरी दिसणं ही त्याची लक्षणं, आणि ती अशक्तपणावर ढकलायची नाहीत. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तपासा, शाकाहारी असाल तर नक्कीच.

रात्री-अपरात्री काही झालं तर

अचानक काहीच खाली उतरेना, थुंकीसुद्धा गिळता येईना, छातीखाली सतत जोराचं दुखायला लागलं, ताप आला, किंवा शौचाला काळं झालं, तर सकाळची वाट बघू नका. घसरलेला बँड जठराचा रक्तपुरवठा तोडू शकतो. आधी पाणी काढायचं असतं, बाकी तपासण्या मग.

अडचण अशी की रात्रीच्या ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी बँड बहुधा पुस्तकातच बघितलेला असतो. त्यात आपला पेशंट मराठीत सांगणार, नर्स कन्नडमध्ये विचारणार आणि केसपेपर इंग्रजीत लिहिणार. वहिनींना एकदा असंच रात्री घेऊन गेलो होतो. तीन तास अ‍ॅसिडिटीचं सलाईन चढलं आणि बँड हा शब्द चौथ्या तासाला कागदावर आला.

त्यानंतर आम्ही एक कार्ड केलं. एका बाजूला इंग्रजी आणि कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. त्यावर एवढंच: पोटात समायोज्य गॅस्ट्रिक बँड आहे, बसवल्याचं वर्ष, कंपनी आणि प्रकार, पोर्ट डाव्या बाजूला, बरगडीखाली, शेवटचं भरणं किती मिली आणि कुठल्या तारखेला, फक्त ह्यूबर सुई वापरा, सर्जनचा फोन. कन्नड मजकूर शेजारच्या कन्नड शाळेतल्या मास्तरांकडून तपासून घेतला. मोबाईलमध्ये फोटो आहे, पण मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. म्हणून लॅमिनेट केलेलं कार्ड वहिनींच्या पर्समध्ये आधारकार्डाच्या मागं असतं. दर तपासणीनंतर नव्या मिलीची चिठ्ठी त्यावर चिकटवायचं काम घरातल्या धाकट्या पुतणीकडे दिलंय, आणि ती ते विसरत नाही.